वरून दिसलेला टोला

मार्च अर्धा सरला की देवरीकडच्या जंगलात मोह टपकायला लागतो आणि इकडे माझं डोकं फिरायला लागतं. हल्ली मी सौंदडला शिकवते. आमच्या शाळेत पुण्याकडची एक नवीन मास्तरीण आली आहे, गुणी पोरगी आहे. काल मधल्या सुट्टीत खिडकीशी उभी राहिली आणि डोळे मिटून म्हणाली, "काय छान वास येतोय ना मॅडम! जळक्या पानांचा. अगदी कवितेसारखा." मी म्हटलं, "धूर आहे तो. खिडकी लाव, पोरांना ठसका लागतो." बिचारीचा चेहरा एवढासा झाला. मग मी तिला माझ्या डब्यातले लाखोळीच्या डाळीचे वडे दिले, पण का खेकसले ते काही सांगितलं नाही. सांगायचं तरी कुठून?

हा धूर मोहाखालचा. पहाटे पहाटे मोहाची फुलं गळतात. झाडाखाली वाळक्या पानांचा थर असला तर फूल दिसत नाही, आणि चाचपायला हात घातला तर विंचू निघतो. म्हणून हंगामाच्या तोंडाशी बायामाणसं झाडाखालचा पाला झाडून गोळा करतात आणि काडी लावतात. एका वेळी एक झाड. कोणीतरी हिरवी डहाळी घेऊन तिथंच उभं राहतं, आग जरा सरकली की झोडपून विझवायची. खाली काळी, स्वच्छ जमीन उरते, तिच्यावर पिवळट फुलं लांबूनही दिसतात. कायद्यात हे बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दरवर्षी होतं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. जंगलातल्या घरांचं पावसाळ्यापर्यंत त्या फुलांवरच भागतं.

ही गोष्ट घडली तेव्हा मी चिचगडच्या पलीकडच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. दहा-अकरा साल असेल. एके दिवशी हेडमास्तरांनी आम्हाला बोलावून सांगितलं की पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका यानाच्या खिडकीत कॅमेरा लावलेला आहे, आणि शाळेची पोरं सांगतील त्या जागेचा फोटो तो काढून पाठवणार आहे. गोंदियातलं एक कॉलेज इंटरनेटचं बघणार होतं, आम्ही फक्त पोरं तयार करायची. मला आधी रागच आला. शाळेच्या नळाला पाणी नाही, लाइट केव्हा जाईल त्याचा नेम नाही, आणि आम्ही यानाला जागा सांगणार! मी म्हटलं, "सर, आधी आपल्या मुतारीचा फोटो मागवा. बांधकाम कुठवर आलं ते तरी कळेल." हेडमास्तर साधे गृहस्थ. हसले आणि म्हणाले, "नववीची पोरं घ्या मॅडम. दहावीची परीक्षा आहे."

राग आला तरी कामाला लागले की मी सोडत नाही, हा माझा स्वभाव. कुंभाराकडून एक मोठं मडकं आणलं, त्यावर चुन्यानं आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, आणि ती झाली आमची पृथ्वी. मडक्याभोवती तिरपा दोरा धरायचा, तो यानाचा रस्ता. दोरा तसाच ठेवून मडकं हळूहळू फिरवायचं, म्हणजे दर फेरीला यान निराळ्याच मुलखावरून कसं जातं ते कळतं. खिडक्यांना सतरंज्या लावून बॅटरीचा सूर्य केला. जिथे उजेड तिथलाच फोटो, अंधाराला काही मागायचं नाही. यान इतकं पळतं की पापणी लवेपर्यंत देवरी मागं पडते. वेळ जराशी चुकली तर आपल्या जागी छत्तीसगड येणार. एकदा रस्सीखेच करता करता मडकं फुटलं. "मॅडम, पृथ्वी फुटली!" म्हणून वर्ग असा बोंबलला की हेडमास्तर धावत आले. दुसरं मडकं आणलं. तसं हसणं त्या शाळेत मी पुन्हा फारसं ऐकलं नाही.

मग ढग शिकवले. जुन्या मासिकांतले वरून काढलेले फोटो कापून भिंतीला लावले आणि पोरांना उभं करून विचारायचं, काय दिसतं? ढगाची सावली बाजूला पडते, बर्फाची पडत नाही. नदी वळणं घेते, रस्ता सरळ जातो. माणसाच्या शेताला कोपरे असतात, जंगलाला नसतात. या शेवटच्या वाक्याला मागच्या बाकावरून एक पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, मंग आमच्या टोल्याचे कोपरे दिसतीन का?"

ती जयवंता सलामे. टोला म्हणजे जंगलातली मूठभर घरांची वस्ती, तिचा टोला शाळेपासून चांगलाच आत होता. सकाळी मोह वेचून, टोपलं घरी टाकून, तशीच चालत शाळेत यायची. बोटं चिकट, केसांना गोडसर आंबूस वास. पोरी नाकं मुरडायच्या, ही खुशाल हसायची. गणितात बरी, भूगोलात मात्र अशी की मीच कधी कधी वही बघून घ्यायची. फोटोतली गोष्ट तिला कशी दिसायची कोण जाणे. बाकीच्यांना नुसता डाग दिसायचा, ही म्हणायची, "तलाव आहे मॅडम, पाळ अर्धगोल आहे ना."

पोरांनी जागा सुचवल्या त्या ठरलेल्याच. हिमालय, अमेरिका, वाळवंट, इजिप्तची नदी. एकाला क्रिकेटचं मैदान हवं होतं. जयवंता म्हणाली, "आमचा टोला." वर्ग फिदीफिदी हसला. मी तिला समजावलं, "अगं, घर दिसणार नाही एवढ्या उंचीवरून. माणूस तर नाहीच नाही."

"घर नाई पायजे मॅडम. जंगलातली आमची मोकळी जागा दिसन का, तेवढं सांगा. बांध्या दिसतीन का?"

"कशाला गं?"

मग तिनं सांगितलं. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना नव्या कायद्यानं जमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळायचा होता, तिच्या बापानं दावा लावला होता. त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, त्याच टोल्याला लागून होत्या, आणि त्यावरच घर जगत होतं. पण चौकशीला गेलं की टेबलावर नकाशा उघडायचे, आणि नकाशात ती जागा सगळी हिरवी. "बाबाले म्हणतेत, इथं गावच नाई. जंगल आहे नुसतं. तुमी म्हणता ना, फोटो खोटं बोलत नाई. मंग वरतून फोटो काढला तं दिसनच ना, आमी आहो म्हणून."

मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. मत घेतलं तेव्हा मी बसूनच राहिले, पण डोळे असे वटारले की निम्मे हात आपोआपच वर गेले. पोरं मनानं चांगली होती. इजिप्तची नदी एक, हिमालय एक, आणि तिसरा जयवंताचा टोला. अक्षांश-रेखांश तिनंच काढले, मी तपासले, एक दशांशही चुकला नव्हता. गोंदियाला फोन केला तर तिथले कॉम्प्युटरचे सर म्हणाले, "मॅडमजी, ये तो पूरा जंगल है! वहाँ क्या फोटो लेंगे?" मी म्हटलं, "आप भेजिए. जंगल है कि नहीं, वही देखना है."

आमच्यावरून यान भर सकाळी जाणार असा दिवस परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आला. आकाश निरभ्र. वर्गातल्या प्रत्येकाला तो दिवस पाठ होता, जयवंताच्या घरालाही. त्या वेळेला सगळी शाळा पटांगणात येऊन वर बघत उभी राहिली. दिवसा यान दिसत नाही हे मीच शिकवलं होतं, तरी मीही मान वर करून उभी. जयवंता त्या दिवशी शाळेत नव्हती. मला वाटलं, मोह जास्त पडला असेल.

फोटो आला तेव्हा गोंदियाच्या सरांनी तो मोठा छापून पाठवला. जंगलाचा करडा-तपकिरी पसारा, उन्हाळ्यात असतो तसा. मधोमध फिकट मोकळी जागा, आणि तिच्या एका अंगाला, भिंग लावलं तर स्पष्ट, कोपरेवाल्या बांध्या. होत्या! नकाशात नव्हत्या त्या तिथे होत्या. आणि मोकळ्या जागेच्या दुसऱ्या अंगाला पांढरे पट्टे उठलेले, एकमेकांत मिसळून दूरवर लांबलेले.

जयवंतानं फोटो पाहिला आणि हरखून नाचलीच. मग पांढऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा आमचा धूर." मी म्हटलं, इतका? तर कळलं की बापानं टोल्यात सांगितलं होतं, वरून फोटो निघणार आहे, आपली जागा स्वच्छ दिसली पाहिजे. पाहुणे येणार म्हटलं की आपण अंगण झाडतो, सडा घालतो, तसंच. कचऱ्याच्या घरात कोण पाहुण्याला बोलावतं? तर त्या दिवशी सगळ्या टोल्यानं सगळ्या मोहांखालचा पाला एकदम झाडून एकदम पेटवला. एरवी एकेक झाड, आठवडाभर चालणारं काम. त्या सकाळी डहाळ्या घेऊन म्हातारीकोतारी, पोरंसोरं सगळी उभी, आणि जयवंताही. एक पानही पलीकडं जळू दिलं नाही. फक्त धुराचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. खालून बघणाऱ्याला धूर वर जातो आणि नाहीसा होतो. वरून बघणाऱ्याला काय दिसतं, हे त्यांना कोण सांगणार?

परीक्षा संपल्यावर हेडमास्तरांनी हौसेनं प्रदर्शन भरवलं. तिन्ही फोटो लावले, पाहुणे बोलावले. त्यात जंगलखात्याचे एक साहेब होते. मोठे सभ्य, हसतमुख, पोरांशी मराठीत छान बोलणारे. साहेब वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. शिव्या घालून मोकळी झाले असते. पण नव्हते हो वाईट. हिमालयापाशी थांबले, नदीपाशी थांबले, मग आपल्या जंगलाचा फोटो पाहून त्यांचे डोळे चमकले. "हे कोणी मागितलं? वा! सांग बरं बेटा, हे पांढरं काय? ढग?"

जयवंता नवीन रिबिनी बांधून आली होती. तिचा बाप माणिक सलामे दाराशी टोपी हातात धरून उभा होता.

"नाई सर," ती म्हणाली, "ढग असता तं बाजूले सावली पडली असती. हा धूर आहे. वारा इकडून होता, म्हणून असा लांबला."

"शाब्बास! कुठून निघतो?"

"आमच्या टोल्यातून. मोहाखालचा पाला जाळला ना आमी. समद्यानी एकाच टायमाले."

"एकाच टायमाला काऊन?"

"फोटोत साफ दिसावं म्हणून."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे, पुढे शिकवा." आणि जाताना फोटोची एक प्रत मागून नेली. हेडमास्तर दिवसभर खूश होते.

त्यानंतर टोल्यावर जीप गेली. माणिक सलाम्याला आणि आणखी दोघांना जंगल जाळलं म्हणून देवरीला नेलं. काही दिवसांनी सोडलं. मला वाटलं, संपलं. माझी खुळी आशा.

दाव्याच्या बैठकीला जयवंता मला ओढूनच घेऊन गेली. "तुमी फोटो समजावून सांगजा मॅडम, बाबाले बोलता येत नाई." माणिकनं शाळेनं दिलेली आपली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, वर फडक्यात गुंडाळून आणली होती. ती त्यानं टेबलावर ठेवली. टेबलापलीकडच्या माणसानं फाइल उघडली आणि आतून तोच फोटो काढून शेजारी ठेवला. तोच कागद, तेच जंगल, त्याच बांध्या. माणिकनं बोट बांध्यांवर ठेवलं. समोरच्यानं धुरावर.

मी उठून म्हटलं, "साहेब, मोहाखाली सगळ्या जंगलात जाळतात. या एकट्यांनीच जाळलं का?"

तो म्हणाला, "सगळ्यांचा फोटो कुठे आहे मॅडम?"

दावा नामंजूर झाला. जंगल जाळणाऱ्यांना जंगल कसं द्यायचं, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. बाहेर आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं, रसवंतीवाला घुंगरू वाजवत होता, आणि जयवंता मला म्हणत होती, "मॅडम, मी ढग म्हणायले पायजे होतं का?"

मी तिला म्हटलं, नाही. अजिबात नाही. पण म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटला. अजूनही वाटतो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं जे दिसलं ते सांगितलं, शिकवलं तसं, नीट, सावलीचा पुरावा देऊन. आणि त्याचं हे झालं. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून मी काय शिकवायचं?

घरी आले तर सासरे ओसरीवर धानाच्या भावावर तावातावानं बोलत बसले होते. आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले, हे आमच्याकडं लग्नातसुद्धा मिरवून सांगतात. कुठून आलो ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे, तरी या जमिनीवर तुम्ही आधीपासून होता का, असं आम्हाला कधी कोणी विचारलं नाही. आमचा सातबारा कपाटात आहे, काढावासुद्धा लागत नाही. आणि सलाम्यांसारख्या आदिवासींना, ज्यांच्या कुठल्याच गाण्यात दुसऱ्या मुलखाचं नाव नाही, त्यांना मात्र विचारलं. मी सासऱ्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तू जेवून घे." मी जेवले. भात आमच्याच बांधीतला होता.

लोक मला सांगतात, तुमचा काय दोष मॅडम. मी कधी म्हटलं माझा दोष आहे म्हणून? मला राग येतो तो वेगळाच. त्या यानाचा नाही, ते बिचारं सांगितलं ते काढून देतं. राग येतो तो एवढाच की इतक्या उंचीवरून ज्या फोटोत कोपरे दिसले, धूर दिसला, वारा कुठून होता ते दिसलं, त्या फोटोपुढे बसलेल्या माणसांना त्यातलं फक्त एकच दिसलं. आता तर पोरांच्या मोबाइलवर सगळं जग वरून दिसतं. आमच्या शाळेतली कार्टी दोन बोटांनी जंगल मोठं करतात, लहान करतात, पुढं सरकवतात. मी बघत नाही.

जून उजाडला, शाळा उघडली, जयवंता दहावीच्या वर्गात आली नाही. आठवडाभर वाट पाहिली आणि एका रविवारी मी टोल्यावर गेले. जंगलातून पायवाट, मग उतार, मग एकदम उजेड. तिथे पोचले आणि पाय थबकले. टोला आणि बांध्या यांच्या मधून जंगलखात्यानं एक खोल नाली खणली होती, सरळ, लांबच लांब, काढलेली लाल माती एका काठाला रचलेली. नालीच्या पलीकडं धानाच्या बांध्यांचे बांध फोडून खड्डे घेतले होते आणि त्यांत सागाची रोपं लावली होती. अलीकडं टोला, एवढासा. माणिक काठावर उकिडवा बसला होता. मला पाहून लगबगीनं उठला, जयवंताला हाक मारली, बाजेवर चादर टाकायला लावली. ती पाणी घेऊन आली. उंच झाली होती. तेंदूपत्ता तोडून हात काळे पडले होते. माझ्याकडं बघून हसली, पण शाळेचं नाव निघालं तशी भांडं घेऊन आत वळली.

मी माणिकला म्हटलं, "सलामे भाऊ, तिचं शिक्षण तोडू नका. हुशार आहे."

"मी कुठं तोडतो मॅडम? तिले म्हणून राहिलो मी रोज. तेच नाई म्हणते. म्हणते, वाचून काय करू." मग एकदम जवळ सरकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, ते यान अजून फिरून राहिलं का वरतून?"

"फिरतंय ना."

"मंग आणखी एक डाव फोटो सांगता येते का? या बारीले धूर नाई करत आमी. चुलीसुद्धा इझवून ठेवू तेवढा टाइम."

जयवंता दारात आली होती. तिनं ऐकलं. "काऊन पायजे आता फोटो?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "काय दिसन बाबा वरतून? बांध्या तं राह्यल्याच नाई."

"नाली दिसन ना वो," माणिक म्हणाला. "आमी इतं होतो म्हणून तं खणली त्याईनं. आमी नसतो, तं कायले खणली असती?"